टायर घ्यावा तो वाईट रस्ता बघून

माहेरी गेलं की मी आधी ओसरीवर नजर फिरवते. काय नवीन आणलं, काय मोडीत निघालं, सगळं तिथेच कळतं. गेल्या दिवाळीत चारठाण्याला गेले, तेव्हा आखाड्यावरच्या घरात भाचीची सायकल भिंतीला उलटी टांगलेली दिसली. दोन्ही टायर बसलेले. मागच्या चाकाच्या तारांमध्ये वहिनीने मक्याची बियाण्याची कणसं अडकवली होती. म्हणजे सायकल थोड्या दिवसांसाठी टांगलेली नव्हती, ती निवृत्त झाली होती.

"काय गं, सायकल का टांगली?"

"आत्या, रोजच पंक्चर होती. पप्पा म्हणले, राहू दे आता."

दादाने लगेच बाजू मांडली. "अगं, पंक्चर काढायला गावात जावं लागतं, अन् गावात जायला सायकल नीट पाहिजे. करायचं काय?"

या तर्कापुढे मी काय बोलणार!

शाळा गावात, आखाड्यापासून चारेक किलोमीटर. सायकल टांगल्यापासून दादा तिला मोटारसायकलवर सोडायचा. पण कापूस वेचणीला आला, मजूर आले, मोटर जळाली, की सोडणार कोण? मग खाडा. मी वहिनीला सहज विचारलं, तर गेल्या महिन्यात सहा खाडे झाले होते. पोरगी नववीत. पुढच्या वर्षी दहावी. असे सहा-सहा खाडे वर्षभर साठत गेले की शाळा सुटते कशी ते आमच्या पिढीतल्या बायकांना वेगळं सांगायला नको. एके दिवशी ठरवून कुणीच शाळा बंद करत नाही. 'उद्या जाऊ' म्हणता म्हणता ती बंद होते.

म्हणून आज टायरवर लिहिते आहे. हसू नका. पुण्यात मी बरीच वर्षं सायकल चालवते, घरात चिरंजीवांनाही तोच नाद आहे, आणि टायर या विषयावर आमच्या घरात राजकारणापेक्षा जास्त भांडणं होतात. त्यामुळे मला मतं आहेत. त्यातलं मुख्य मत आधीच सांगून टाकते. आपण टायर घेतो तो आपल्या वाटेवरचा सगळ्यात चांगला तुकडा डोळ्यापुढे ठेवून. घ्यायला हवा सगळ्यात वाईट तुकडा बघून.

भाचीची ती चार किलोमीटरची वाट मी दुसऱ्या दिवशी पायी चालून पाहिली. गावाच्या बाजूने निघालं की आधी सिमेंटचा रस्ता, मग डांबरी. त्याच्या कडा तुटलेल्या, पण बरा. असे दोनेक किलोमीटर. त्यानंतर अर्धा किलोमीटर नुसती गिट्टी अंथरलेली. डांबराची वाट बघत पडलेली काळ्या दगडाची धारदार खडी, काही तुकडे मुठीएवढे. मग किलोमीटरभर मुरूम. उन्हाळ्यात त्याची माती होते आणि पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात. आणि शेवटी अर्धा किलोमीटर पाणंद. काळी माती, बैलगाडीच्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना बाभळी आणि खाली सराटे. चार किलोमीटरमध्ये पाच प्रकारचे रस्ते! असल्या मिश्र रस्त्यांवरच्या सायकलिंगला हल्ली शहरात 'ग्रॅव्हल' म्हणतात आणि त्यासाठी लाखभराच्या सायकली मिळतात. आमच्याकडे त्याला शाळेत जाणं म्हणतात.

थट्टा बाजूला ठेवू. हा प्रकार जगात आता फार मोठा झाला आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली 'डर्टी कांझा' नावाची खडीच्या रस्त्यांवरची शर्यत सुरू झाली. आता तिचं नाव 'अनबाउंड' आहे आणि तिची मुख्य शर्यत २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरची असते. तिथली गारगोटीच्या जातीची खडी टायर चिरण्याबद्दल प्रसिद्ध आहे. इटलीत टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून २००७ पासून 'स्त्रादे बियांके' होते. २०२२ पासून तर ग्रॅव्हलची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते. हे सगळे लोक शर्यतीच्या आधी एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, "टायर कुठला लावलास?" म्हणजे माझी भाची आणि ते जगज्जेते यांची अडचण एकच आहे. फरक इतकाच, की त्यांच्या मदतीला माणसं असतात.

आता मूळ मुद्दा. रुंद टायर चांगला की अरुंद? हवा गच्च की जरा कमी?

गावातल्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. पातळ टायर आणि टणटणीत हवा, की गाडी पळते. भाचीच्या सायकलमध्येही पंक्चरवाल्याकडे हवा भरताना अंगठा अजिबात दबणार नाही इतकी भरायची पद्धत होती. डांबरी रस्त्यावर ते जाणवतही नाही. पण गिट्टीवर आलं की तीच सायकल खडीवरून उडायला लागते.

इथे जरा इतिहासात जाऊ. हवेचा टायर निघाला तोच मुळी वाईट रस्त्यासाठी. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर. मुलाची तीनचाकी भरीव रबराच्या चाकांमुळे फार हादरते म्हणून १८८७ साली त्यांनी रबराची नळी करून त्यात हवा भरली आणि ती चाकांना बसवली. १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. (तशी कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच पेटंट केली होती, पण तेव्हा ती चालली नाही. डनलॉपना हे ठाऊकही नव्हतं.) म्हणजे बापाने पोराचे हादरे कमी करायला हवा भरली, आणि आपण ती इतकी गच्च भरतो की पुन्हा भरीव रबर बरं!

गच्च हवेने गाडी पळते हे खरं का नाही? गुळगुळीत रस्त्यावर थोडं खरं आहे. टायर जमिनीला टेकतो तिथे तो दबतो आणि सुटतो, त्यात थोडी ताकद वाया जाते. हवा जास्त, तर दबणं कमी. वर्षानुवर्षं टायरच्या चाचण्या कारखान्यात गुळगुळीत पोलादी पिंपावर व्हायच्या आणि त्यात गच्च टायरच जिंकायचा. पण पिंपावर माणूस बसलेला नसतो. अमेरिकेतले जान हाइन आणि त्यांचं 'बायसिकल क्वार्टर्ली' हे नियतकालिक यांनी माणूस बसवून खऱ्या रस्त्यावर मोजमाप केलं, तेव्हा वेगळंच दिसलं. खडबडीत रस्त्यावर गच्च टायर प्रत्येक दगडावर सायकल आणि माणूस दोघांनाही वर उचलतो. ती उचलायची ताकद कुठून येते? तुमच्याच पायांतून. आणि ती जाते कुठे? तुमच्या मनगटांत, कमरेत, मांड्यांत हादरे होऊन जिरते. मऊ टायर दगड आपल्या पोटात घेतो आणि वरचा माणूस सरळ पुढे जातो. म्हणजे खडीवर मऊ टायर नुसता सुखाचा नसतो, तो वेगाचाही असतो.

मग सगळेच हवा कमी का करत नाहीत? कारण अरुंद टायरमध्ये हवा कमी केली की दगडावर आपटून रीम खाली बसते आणि ट्यूब दगड आणि रीम यांच्यात चिमटते. दोन समांतर चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. म्हणून रुंदी हवी. टायर जितका रुंद, तितकी कमी हवा त्याला पुरते. रुंदी आणि हवा ही जोडी आहे. एक बदललं आणि दुसरं तसंच ठेवलं तर उपयोग नाही. रुंद टायर घेऊन त्यात गच्च हवा भरणारे लोक मी पाहिले आहेत. गादी आणून तिच्यावर पाट टाकून झोपण्यासारखं आहे ते.

हवा किती हे ठरवायची एक जुनी रीत आहे. अमेरिकेतले फ्रँक बर्टो यांनी ती मांडली. सायकलवर बसल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्क्यांनी कमी व्हावी. म्हणजे ३७ मिलिमीटरचा टायर असेल तर पाच-साडेपाच मिलिमीटर दबावा. भिंतीला धरून बसायचं आणि कुणाला तरी पट्टी धरून मोजायला लावायचं. पुढच्या चाकावर वजन कमी असतं, म्हणून पुढे हवा थोडी कमी. मागे पोतं किंवा डबलसीट असेल तर मागे वाढवायची. आपल्या साध्या सायकलींना व्हॉल्व्हमध्ये छोटी रबरी नळी असते, तिच्यामुळे मीटर लावून दाब कळत नाही. तेव्हा पट्टी आणि अंगठा हीच आपली यंत्रं. अर्थात अतिरेक नको. फारच कमी हवेत टायर रीमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. ती ट्यूब मग फेकूनच द्यावी लागते.

नक्षीबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, मी मुद्दाम नंतर घेते. मोठमोठे ठोकळे असलेला टायर रांगडा दिसतो, दुकानात उठूनही दिसतो. पण डांबरावर तो गुरगुरतो आणि जड जातो. गिट्टीवर ठोकळ्यांचा उपयोग नाही, कारण तिथे दगडच पायाखालून सरकतात. ठोकळे धरणार कशाला? मुरमाला मधे बारीक आणि कडेला थोडी उठावाची नक्षी पुरते. आणि ओल्या काळ्या मातीत? तिथे ठोकळ्यांच्या मधल्या फटी दहा पावलांत भरतात आणि टायरचा लाडू होतो.

काळ्या मातीबद्दल सरळच सांगते. तिच्यासाठी टायर नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका. पाणी पिऊन फुगणारी, चिकट माती ती. टायरला चिकटते, मग मडगार्डमध्ये भरते, मग चाकच फिरायचं थांबतं. तिथे एकच कामाची गोष्ट असते, टायर आणि मडगार्ड किंवा चिमटा यांच्यामधली मोकळी जागा. म्हणून रुंद टायर घालताना दोन्ही बाजूंना निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळं राहतं का ते आधी बघायचं. ते राहत नसेल तर अरुंद टायर परवडला. आणि पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस सायकल पाणंदीत न्यायचीच नाही.

आता काटे. रुंदी, हवा, नक्षी या तिन्हींचं बाभळीच्या काट्यापुढे काही चालत नाही. तिथे फक्त टायरची जाडी कामाला येते, किंवा आत रबराचा जास्तीचा पट्टा असलेला टायर. चिरंजीवांचं या बाबतीत वेगळं मत होतं. त्याच्या सायकलला ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आहेत. ट्यूब नाही, आत रबराचं दूध. काटा घुसला की दूध तिथे गोठतं आणि भोक बुजतं. मागच्या वर्षी तो ती सायकल घेऊन आजोळी आला आणि बाभळीच्या काट्यांवरून मुद्दाम चालवून सगळ्या पोरांना दाखवलं. काटा उपटला, फुस्स झालं, थांबलं. टाळ्या! खरंच चांगली युक्ती आहे, मी नाकारत नाही.

तिसऱ्या दिवशी गिट्टीवर टायरची बाजू बोटभर चिरली. एवढी चीर दुधाने बुजत नाही. दूध भसाभसा रस्त्यावर. गावात ट्यूबलेस सायकलची सोय कुठली? शेवटी जवळची ट्यूब घातली, तर ती पाच मिनिटांत बसली. दुसरीही बसली. मग दादाने टायर उलटा करून आतून हात फिरवला आणि "आई गं" म्हणून ओरडला. आत काट्यांची टोकं! इतके दिवस दुधाने झाकलेले काटे ट्यूबची वाट बघत बसले होते. दोघे मामा-भाचे पकडीने काटे उपटत बसले. मी मोजले, एकवीस निघाले. शिवाय आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते दूध सुकतंही लवकर, दर दोन-तीन महिन्यांनी घालावं लागतं. जो हे सगळं स्वतः करू शकतो त्याच्यासाठी ट्यूबलेस उत्तम. पण आपला टायर ज्या गावात फाटेल तिथे तो दुरुस्त होईल का, हा प्रश्न रुंदीइतकाच महत्त्वाचा आहे.

याच जातीची माझी स्वतःचीही फजिती सांगते, नाहीतर चिरंजीव म्हणेल आई माझंच लिहिते. भाचीची सायकल टांगलेली बघून मी शहाणपणा केला. माझ्या सायकलचे २६ × १.७५ चे दोन चांगले टायर पुण्यात पडून होते. भाचीच्या सायकलवरही २६ च लिहिलेलं. मी मुलाला सांगून ते मागवले, आल्यावर मोठ्या ऐटीत चाक खोललं आणि टायर चढवायला बसले. चढेना! दादाने जोर लावला, वहिनीने उलथनं दिलं (टायर काढायला उलथनं वापरू नका, ट्यूब फाटते), तरी चढेना. तिच्या टायरवर होतं २६ × १ ३/८. मी म्हटलं, अपूर्णांकच तर आहे, काय फरक पडतो?

फरक पडतो. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखी दोन आकडे असतात, तेच खरे. माझ्या टायरवर ४७-५५९ आणि तिच्या टायरवर ३७-५९०. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रीमवर टायर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दोन्ही '२६ इंची', पण व्यासात ३१ मिलिमीटरचा फरक. २६ च्या नावाखाली अशी चार-पाच वेगवेगळी मापं जगात आहेत. तेव्हा टायर घ्यायला जाताना २६, २७, २८ हे विसरा आणि जुन्या टायरवरचे ते दोन आकडे कागदावर लिहून न्या. या लेखातून एवढं जरी कुणी घेतलं तरी माझे लिहिण्याचे कष्ट वसूल.

हे आकडे वाचायचा मला मग नादच लागला. परसात आण्णांची जुनी काळी सायकल आहे, घोड्यासारखी उंच. तिच्या टायरवर लिहिलेलं होतं २८ × १ १/२, आणि खाली ४०-६३५. चाळीस! चिरंजीवांच्या लाखाच्या ग्रॅव्हल सायकलचा टायर चाळीसचा, आणि ज्या सायकलवर आण्णांनी ज्वारीची पोती, पेंडीच्या गोण्या, आणि एकदा मला ताप असताना मलाही नेलं, तिचाही चाळीसचाच. आण्णा हवाही कधी टणटणीत भरत नसत. "थोडी बसती ठेव, कंबर राहती," म्हणायचे. त्यांनी ना बर्टो वाचला, ना हाइन. पण त्यांच्या काळात चांगला रस्ता डोळ्यापुढे ठेवून टायर घ्यायची सोयच नव्हती, कारण चांगला रस्ताच नव्हता. रस्ते सुधारले तसे टायर बारीक झाले आणि सायकली हलक्या झाल्या. यात वाईट काही नाही. फक्त आखाड्याची पाणंद तिथेच राहिली आणि तिच्यावरून जाणारी पोरगीही.

आता त्या पोरीबद्दल. रात्री ती माझ्याजवळ झोपायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "आत्या, पंक्चरमुळं नाही टांगली. गिट्टीवर दोनदा पडले मी." गुडघा दाखवला. एकदा तर शाळेतल्या पोरांसमोर, सलवार फाटलेली. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सायकल कायमची बंद झाली असती. ती तरीही बंद झालीच. मला त्या रात्री कळलं की आपण टायरची चर्चा वेगाची आणि पंक्चरची करतो, पण खरी गोष्ट धीराची असते. एकदा सायकल पायाखालून निसटली की माणूस दगडाकडे बघत चालवतो आणि मग दगडावरच जातो.

सकाळी आम्ही दोघींनी तिच्या जुन्या ट्यूबा पाण्याच्या टोपल्यात बुडवून भोकं कुठे आहेत ते पाहिलं. हे प्रत्येकाने करावं. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा. दोन समांतर चिरा असतील तर दगडाचा चिमटा. आणि भोक आतल्या, रीमच्या अंगाला असेल तर दोष रस्त्याचा नाहीच. रीमच्या आत तारांची टोकं झाकणारी पट्टी असते, ती सडलेली असते. तिच्या नऊ ठिगळांपैकी चार आतल्या अंगाला निघाली! वर्षभर शिव्या खाल्ल्या बाभळीने, आणि काम होतं सडलेल्या पट्टीचं.

५९० च्या रीमला आपल्याकडे ३७ पेक्षा रुंद टायर सहसा मिळत नाही. तेव्हा माझं रुंदीचं सगळं तत्त्वज्ञान तिथे संपलं. मग जे हातात होतं ते केलं. परभणीहून त्याच मापाचे, पण जाड पाठीचे आणि बारीक नक्षीचे नवे टायर आणले, नव्या ट्यूबा, रीमच्या नव्या पट्ट्या. सगळं मिळून हजाराच्या आत. पट्टी धरून हवा ठरवली आणि तिला अंगठ्याने ओळखायला शिकवलं, मागे एवढी, पुढे एवढी. सोल्यूशन, ठिगळं, काचकागद आणि हातपंप अशी पिशवी तिच्या सीटमागे बांधली. पाच पंक्चर तिच्याकडून काढून घेतली, खोटी खोटी. सहाव्याला ती माझ्यापेक्षा लवकर संपवून चहा मागत होती. आणि पाऊस झाला की सायकल पाणंदीच्या तोंडाशी, ओळखीच्या घरी ठेवायची आणि शेवटचा अर्धा किलोमीटर चालायचं, असं ठरलं. टायर कुठे संपतो हे माहीत असणं, हेही टायर निवडण्यातच येतं असं माझं मत आहे.

नव्या टायरवर पहिल्यांदा गिट्टीतून जाताना मी मागून चालत होते. सायकल डुलली, पण उडाली नाही. तिने मागे वळून पाहिलं नाही, ही चांगली खूण.

आणखी एक मत मांडते. मुलींना शाळेसाठी सायकली देण्याच्या योजना आपल्या राज्यात आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. फार चांगली गोष्ट आहे, तिने कित्येक मुली शाळेत टिकल्या असतील. पण सायकल दिल्याची नोंद जशी होते, तशी ती वर्षाने चालते आहे का याचीही व्हावी. सायकलीबरोबर हातपंप, ठिगळांची डबी आणि एक जास्तीचा टायर द्यावा, आणि शाळेत एक तास पंक्चर काढायला शिकवावं. टांगलेली सायकल कागदावर दिलेलीच असते.

कुणी म्हणेल, रस्ताच नीट करा की! करावाच. दादाच्या गावकऱ्यांनी त्यासाठी अर्ज केलेच आहेत, आणि पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजनाही आहेत. पण रस्ता होईपर्यंत दहावी थांबत नाही. आणि रस्ता झाला तरी त्याच्या शेवटी कुणाचा तरी आखाडा उरतोच.

आमच्या चारठाण्याला यादवकाळातली मंदिरं, बारवा आणि तो कोरीव उंच स्तंभ बघायला हल्ली अधूनमधून सायकलवालेही येतात. भाची त्यांच्या टायरकडे बघून मला फोनवर अहवाल देते. "आत्या, एकाचे बत्तीसचे होते, हवा लई गच्च. मी म्हणलं, काका, पुढं गिट्टी हाय, जरा कमी करा." ऐकलं की नाही कोण जाणे!

दिवाळीपासून आतापर्यंत तिला दोन पंक्चर झाली, दोन्ही बाहेरच्या अंगाला, दोन्ही तिने काढली. गेल्या महिन्यात एक खाडा झाला, तोही मामाच्या लग्नाचा. मक्याची कणसं वहिनीने दुसरीकडे टांगली आहेत.

आणि परवा दादाचा फोन आला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आण्णांची सायकल काढावी म्हणतो. अठ्ठावीस-दीडचा टायर मिळतो का बघ बरं कुठं."